अकारविल्हे होडी

नोकरीत असताना किस्से कळत नाहीत. तेव्हा त्यांना आपण कटकट म्हणतो. रिटायर झालो, चार जणांत चहा घेत बसलो, की तीच कटकट सांगता सांगता आपल्यालाच हसू फुटतं आणि समोरचा म्हणतो, "अजून एक होऊन जाऊ द्या!" असे सांगत सांगत माझ्याकडे इतके साठलेत, की माझी सून पाहुण्यांना आधीच सांगते, "आईंना ऑफिसचं विचारू नका, गाडी चुकेल."

माझी अडचण वेगळीच आहे. मी किस्सा सुरू करायच्या आधीच लोक हसतात.

"मॅडम, नोकरी कशात होती?"

"शब्दकोशात. होडीच्या भागांची जुनी नावं, त्यांचे अर्थ, ती कुठून आली, हे सगळं गोळा करायचं."

"अच्छा! म्हणजे कोकणात होतात?"

"नाही हो. उस्मानपुऱ्यात!"

इथंच पहिला हशा होतो, कारण उस्मानपुऱ्यापासून समुद्र शेकडो मैल लांब. हसणाऱ्याला वाटतं मी गंमत करतेय. तेव्हा आधी हे सांगते, की उस्मानपुऱ्यात होडी आलीच कशी.

*

आमच्या मंडळाचे अध्यक्ष फार विचारी गृहस्थ. धंद्याधंद्यांचे शब्दकोश करायचे ठरले, तेव्हा त्यांनी एक सिद्धांत मांडला. ज्याला वस्तू रोज दिसते, त्याला तिचा अर्थ सांगता येत नाही. तो म्हणतो, "अहो, ते असतंच!" म्हणून प्रत्येक विषय अशाच माणसांना द्यावा ज्यांनी ती वस्तू जन्मात पाहिलेली नाही.

मग मंडळाच्या गावोगावच्या केंद्रांना बोलावून चिठ्ठ्या उचलल्या. कुणाला आपल्याच गावचा विषय आला तर चिठ्ठी परत टाकायची! कोकणातल्या केंद्राला आला आमचा हिमरू, म्हणजे आमच्याकडं शालींसाठी विणतात ते नक्षीदार कापड. आम्हाला आलं, 'होड्या व जहाजे : भाग, अर्थ आणि मूळ'.

आमचे संपादक सरकटे सर. कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेले, अतिशय सज्जन, आणि पाण्याला इतके भिणारे, की विहिरीपाशीही पाठ करून उभे राहायचे. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्यात बसावं तर लागणार नाही ना?"

पण एकदा काम घेतलं म्हटल्यावर सर त्यात पूर्ण बुडाले. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली, स्वतःच्या नावावर एकही नव्हतं. हा होड्यांचा खंड हेच त्यांचं पुस्तक होणार होतं. तपासणीत खंड पास झाला तर छापायला जाणार, नाही झाला तर केंद्राला कुलूप आणि सरांची सगळी वर्षं गठ्ठ्यात बांधून कपाटात. हे आम्हा तिघांनाही रोज माहीत असायचं. तिघं म्हणजे सर, शब्दांची मुळं शोधणारे कादरी साहेब आणि मी. मी पिशोरची, म्हणून ऑफिसात माझं नावच 'पिशोरच्या बाई' पडलं होतं.

*

कोकणच्या केंद्राशी आमचा पत्रव्यवहार होता. ते आम्हाला होडीचे शब्द पाठवायचे, आम्ही त्यांना हिमरूचे. व्यवहार चोख! फक्त त्यांच्या चिठ्ठीवर 'हिमरू' एवढंच लिहिलेलं होतं.

त्यांचं पहिलं पत्र आलं : "हिमरू ताजा खातात की वाळवून?"

सरांनी शांतपणे उत्तर दिलं, "हिमरू खात नाहीत, पांघरतात."

आठवड्याभरानं त्यांचं पत्र आलं : "किती वेळ पांघरल्यावर खातात?"

आम्ही पोट धरून हसलो. मग सर एकदम गंभीर झाले. म्हणाले, "बाई, आपली पत्रं वाचून तेही असेच हसत असतील!" त्या दिवशी कुणाला डबा गेला नाही.

*

सरांचा नियम होता, की अर्थ असा लिहायचा, की ज्यानं होडी पाहिली नाही त्याच्या डोळ्यांपुढं ती उभी राहिली पाहिजे. आता हे तपासायचं कुणावर? सरांनी घरीच माणूस शोधला. त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू!

रोज संध्याकाळी सर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून व्याख्या वाचायचे आणि काकू भाकरी थापता थापता निकाल द्यायच्या. "दिसलं" किंवा "नाही दिसलं". अपील नाही!

एकदा शब्द आला 'उलांडी'. सरांनी खर्जात वाचलं, "होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूस, काही अंतरावर, आडव्या काठ्यांनी जोडलेला, पाण्यावर तरंगणारा लाकडी ओंडका."

"नाही दिसलं."

सरांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा नाही दिसलं. चार दिवस उलांडी गाजली. पाचव्या दिवशी काकूंनी तवा उतरवला आणि विचारलं, "अहो, म्हणजे लहान पोराच्या सायकलीला आजूबाजूला जादा चाकं लावतात, तसंच ना?"

सर ऑफिसात आले ते जवळजवळ पळतच. "बाई, लिहा! उलांडी : होडीची जादा चाकं."

"सर, होडीला चाकं?"

"तुम्हाला दिसली की नाही?"

दिसली होती. लिहिलं.

*

कादरी साहेब म्हणजे फारसी-अरबीचं चालतं कपाट. शहागंजात राहायचे, जुन्या वळणाचे, बोलणं अदबीचं. पण शब्दाच्या मुळाची गोष्ट निघाली की अदब संपली! सरांना प्रत्येक शब्द संस्कृतातून आलेला दिसायचा आणि कादरी साहेबांना अरबस्तानातून.

"सुकाणू अरबी है, सर. सुक्कान! इसमें तो झगडाच नहीं."

"असेल. पण नाळ? होडीचं पुढचं टोक. नाळ संस्कृत आहे."

"ठीक. नाळ तुमची. मगर होडीचा मालक जो नाखवा, तो फारसी. नाखुदा! आणि खलाशी पण अरबीच."

"म्हणजे माणसं सगळी तुमची आणि लाकडं माझी?"

महिनाभर काम बंद पडलं. शेवटी मीच तोडगा काढला. सुकाणू मागं असतं, नाळ पुढं असते. तेव्हा होडीचा पुढचा अर्धा भाग संस्कृत, मागचा अर्धा अरबी-फारसी! दोघांनीही मान्य केलं, आणि लगेच डोलकाठीवरून पेटलं, कारण ती बरोबर मधोमध. पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानाचे तुकडे वाटतानासुद्धा एवढी खलबतं झाली नसतील! निर्णय झाला तो असा, की डोलकाठी पुढून सरांची, मागून कादरी साहेबांची.

तेवढ्यात कादरी साहेबांनी हळूच विचारलं, "और लंगर?"

"नांगर पुढं टांगतात. माझ्या हद्दीत."

"टांगा तुमच्या हद्दीत. मगर लफ्ज मेरा है. तुमच्या भिंतीवर माझा कोट टांगलेला समजा."

त्या खंडात नांगरापुढं दोन मुळं दिलेली आहेत. खाली तळटीप आहे, 'संपादकांत मतभेद. चर्चा चालू.'

*

एकदा वरून सूचना आली, की निदान एक तरी होडी प्रत्यक्ष पाहा. आम्ही पैठणला निघालो, जायकवाडीच्या पाण्यावर. बसमध्ये चितेगाव मागं पडल्यापासून सर खिडकीकडं बघेनात.

धरणाच्या काठी एक मच्छीमार बसला होता. त्याच्याजवळ होती गुळाची काहील! उसाचा रस आटवतात ती गोल, उथळ, मोठी कढई.

सरांनी वही उघडली. "ह्याच्या पुढच्या भागाला काय म्हणता?"

"कशाच्या?"

"ह्या तुमच्या होडीच्या."

"काहील हाय सायेब ती. चप्पू मोडलाय माझा, तराफाच म्हना, म्हून काहील घिऊन जातुय जाळं टाकाया. लई भारी तरंगती."

"हो, पण पुढचा भाग कोणता?"

त्यानं उठून काहिलीला एक चक्कर मारली. सगळीकडून नीट पाहिलं. मग म्हणाला, "तुमी जिकडं तोंड करून बसताल, तिकडं पुढं."

सरांना हे इतकं आवडलं, की शास्त्रासाठी म्हणून ते आत बसायला तयार झाले. डोळे गच्च मिटून! समोर कादरी साहेब बसले. मी काठावरच थांबले, कारण कुणीतरी परत जाऊन सांगायला हवं होतं. मच्छीमारानं बांबू लावून काहील लोटली आणि ती जी गरगर फिरायला लागली!

सरांनी एक डोळा उघडला. "कादरी साहेब! तुम्ही माझ्या हद्दीत आलात!"

"मैं कहाँ आया? बैठाच हूँ! कढई घूम रही!"

"आता मी तुमच्या हद्दीत आलो की हो!"

"आपकाच घर है, सर. तशरीफ रखो."

मच्छीमार हात जोडून म्हणाला, "सायेब, भांडू नका. भांडलं की जास्तच फिरती ती!"

बाहेर काढल्यावर सर बराच वेळ जमिनीवर आडवे पडून होते. उठल्यावर त्यांनी वहीत एकच वाक्य लिहिलं : 'गोल होडीची व्युत्पत्ती देता येत नाही.'

*

आणि मग ते पत्र आलं. खंड तपासायला समुद्रावरचे तज्ज्ञ येणार. सोबत होडीची प्रतिकृती तयार ठेवावी, प्रत्येक भागावर नावाची चिठ्ठी असावी.

सरांनी चितेगावचे हनीफ मिस्त्री बोलावले. मिस्त्री दारं, चौकटी आणि पलंग करण्यात हुशार. होडी त्यांनीही पाहिलेली नव्हती, पण "सब लकडीच तो है" म्हणून कामाला लागले. प्रतिकृती छोटी करायची का, असं मी विचारलं. सर म्हणाले, "व्याख्येत 'चार माणसे बसतील एवढी' असं आहे. व्याख्येला बाधा येता कामा नये."

इथपर्यंत ठीक होतं. पण सर कोशाचे संपादक होते. त्यांनी मिस्त्रींना भाग करायला सांगितले ते अकारविल्हे! 'अ' मध्ये आमच्याकडं काही नव्हतं. 'उ' ची उलांडी पहिल्यांदा झाली. होडी नाही, पाणी नाही, आणि जादा चाकं तयार! मग आला 'ड'.

मिस्त्री डोलकाठी खांद्यावर घेऊन उभे. "साहेब, ये खडी किसपे करू?"

"पठाणावर." पठाण म्हणजे होडीच्या तळाचं मुख्य लाकूड, ज्यावर सगळी होडी उभी राहते.

"तो पठाण कहाँ है?"

"तो 'प' मध्ये. अजून यायचाय."

"साहेब, पहले बुनियाद, बाद में खांब. मेरे बाप-दादा ऐसाच करते थे."

"मिस्त्री, कोशात 'ड' आधी येतो."

"तो 'प' को थोडा आगे सरकाव ना!"

सरांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कुणी चारमिनार उचलून पैठणगेटाशी ठेवायला सांगितलाय. "वर्णमाला सरकवू? मी?"

"तो तब तक इसका क्या करू?"

"धरून ठेवा."

मिस्त्रींनी अर्धा तास धरली. मग कादरी साहेबांनी धरली, मग मी. शेवटी छताचा पंखा काढून त्याच्या हुकाला डोलकाठी बांधली. मे महिना! घामानं चिठ्ठ्यांवरची शाई पसरायची. टेबलांमध्ये ती काठी अधांतरी झुलत राहायची आणि आलेला माणूस आधी तिला नमस्कार करायचा, त्याला वाटायचं काहीतरी देवाचं असेल. नांगर झाला, नाळ झाली. ती नाळ एका कोपऱ्यात एकटीच उभी. पठाण आला तेव्हा पाऊसकाळ सुरू झाला होता.

मिस्त्रींनी एक गोष्ट मात्र स्वतःच्या मनानं केली. होडीत चढायच्या जागी उंबरा बसवला! सर म्हणाले, होडीला उंबरा नसतो. मिस्त्री म्हणाले, "बगैर उंबऱ्याचं काम मैं करताच नै." आता तो ठेवावा तर त्याला चिठ्ठी हवी. पण उंबरा 'उ' मध्ये येतो आणि 'उ' कधीच संपला होता. म्हणून तो उंबरा तसाच राहिला, बिननावाचा.

*

'श' ला शीड. एवढं कापड आणायचं कुठून? आमच्या ऑफिसच्या खाली मंडपवाल्याचं दुकान होतं. त्यानं मोठ्या मनानं शामियान्याचा एक पडदा दिला. लाल-पांढरे पट्टे, खाली झालर! अट एकच : लग्नाची तिथी असली की पडदा परत.

तेव्हा लगीनसराईत आमची होडी बिनशिडाची असायची. तज्ज्ञांना तारीख कळवताना सरांनी पत्रात नम्रपणे लिहिलं, "कृपया मुहूर्त नसलेल्या दिवशी यावे."

*

तज्ज्ञ आले. सगळं आयुष्य जहाजावर काढलेले निवृत्त कॅप्टन. उंच, काळे, बोलणं मोजकं. दुसऱ्या मजल्यावर हॉलभर पसरलेली होडी त्यांनी एकदा नजरेखालून घातली. सरळ खुर्चीवर बसले आणि खंड वाचायला लागले. सकाळभर! उलांडीच्या पानावर थांबले. जादा चाकं वाचली. पान उलटलं. सर माझ्याकडं बघत होते, मी कादरी साहेबांकडं आणि कादरी साहेब छताच्या हुकाकडं.

दुपारी कॅप्टननी खंड मिटला.

"अर्थ चोख आहेत. मुळंही बरोबर आहेत, दोन्ही. पण सर, हे कोरडं आहे. पाण्यावर पाऊल न ठेवलेल्या माणसानं लिहिलंय हे पानापानावर कळतं. हे मी कसं पास करू?"

मला रडूच आलं. इतक्या वर्षांचं काम, आणि माणूस 'कोरडं' म्हणून बाजूला सारतो! कादरी साहेब एकदम उठले. "हुजूर, आम्ही काहिलीत बसलेले आहोत."

"काहील धरत नाहीत," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहायला पेन उघडलं.

सर उठले. मी त्यांना इतक्या निश्चयानं उठताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि होडीत जाऊन बसले. "विचारा. इथं बसून सांगतो."

कॅप्टनही चढले आणि सुकाणूपाशी बसले. होडी विटांवर ठेवलेली, एका बाजूला कलायला लागली, म्हणून तोल सावरायला मी आणि कादरी साहेबही आत बसलो. कादरी साहेबांनी आपले बूट रीतसर खाली फरशीवर काढून ठेवले.

"वारा मागून आलाय," कॅप्टन म्हणाले.

"शीड पूर्ण सोडायचं. सुकाणू सरळ."

"वारा फिरला. डावीकडून आला."

"शीड आवळायचं. माणसं उजवीकडं... नाही, डावीकडं."

"लाटा वाढल्यात. पुढून येतायत."

"नाळ... नाळ लाटेवर घ्यायची."

"आता आडवी आली. मोठी आहे."

सरांनी दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला. चेहरा पांढराफटक. डोळे मिटले, मान इकडून तिकडं जायला लागली आणि पुढच्याच क्षणी त्यांनी काठावरून बाहेर वाकून सकाळचे पोहे काढले.

सरांना बोट लागली! उस्मानपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर, फरशीवर ठेवलेल्या विटांवर!

मी पाठ चोळतेय, कादरी साहेब "या अल्ला, या अल्ला" करतायत. आणि कॅप्टन ताडकन उभे राहून ओरडले, "नांगर टाका!"

नांगर माझ्या पायाशी होता. काय करतेय याचा विचार न करता मी तो उचलला आणि बाहेर टाकला. दणकन आवाज झाला. खालून मंडपवाला ओरडला, "बाई, काय पडलं?"

सरांनी हळूहळू डोळे उघडले. तोंड पुसलं. आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "थांबली."

"थांबली," कॅप्टन म्हणाले. त्यांनी खंड मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मंजूर'. खाली सही केली.

सरांनी तो शब्द वाचला. मग बोट फिरवून पुन्हा वाचला. कादरी साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. मला इतका आनंद झाला होता, की मी उलांडीला टाळी दिली.

"तुमच्या काकूंना सांगून येतो," म्हणत सर उठले आणि त्यांनी एक पाय होडीबाहेर टाकला.

कॅप्टननी झटकन त्यांचा दंड धरला. मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग काठावरून वाकून खाली फरशीकडं बराच वेळ बघत राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "कुणी उतरू नका. भरती आहे."

सरांनी पाय आत घेतला. आणि कादरी साहेबांनी वाकून आपले बूट आधी वर उचलून घेतले.